न उसवणारी लोकर

सुले,

तुझ्या शोकसभेत मी बोलले. म्हणजे मला बोलायला लावलं. सोसायटीच्या हळदीकुंकवापासून गणपतीतल्या नाटुकल्यांपर्यंत माइक माझ्याच हातात असतो, तेव्हा तुझ्या फोटोशेजारीही मलाच उभं केलं. मी आपला माथेरानचा किस्सा काढला, माकडांनी तुझी पर्स पळवली तो. "पाच माकडं होती," मी म्हटलं आणि थांबले. सवयीने. तिसऱ्या रांगेतून तुझा आवाज यायला हवा होता, "एकच होतं, आणि ते पिल्लू होतं." मी वाट बघत राहिले. लोकांना वाटलं, मला गहिवरून आलं. कुणीतरी पाणी आणून दिलं. मी पाणी प्यायले, "सात माकडं होती," म्हटलं, आणि तरीही कुणी काही बोललं नाही. तेव्हा मला खरं रडू आलं.

तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं अरुणभावोजींनी छापून वाटलंय. वर तुझा लग्नातला फोटो, ज्यात तू तूच आहेस हे सांगावं लागतं. त्यामुळे ते मी लिहीत नाही. मला तुझ्याशी त्या स्कार्फबद्दल बोलायचंय. असा काही घोळ झाला की मी नेहमी जिना उतरून तुझ्याकडे यायचे. आता घोळ आहे, जिना आहे, आणि खाली तू नाहीस. मी काय करू सांग.

गार्गी जर्मनीला शिकायला निघाली, तेव्हा बॅग भरता भरता म्हणाली होती, "आई, तुझ्या हातचं काहीतरी दे ना. गळ्यात घालायला." त्या पोरीने तुझ्याकडे आपणहून मागितलेली ती मला वाटतं पहिलीच वस्तू. तू क्रोशाची सुई घेऊन बसलीस. राखाडी लोकर, मऊ, शिष्ट. वीतभर झालं की तू ते उजेडात धरायचीस, डोळे बारीक करायचीस. मागच्या कुठल्या तरी ओळीत एखादा खांब, म्हणजे तो उभा टाका, जरासा सैल दिसायचा. झालं! सुई काढायची आणि सर्रकन धागा ओढायचा. क्रोशाचं सगळं काम सुईवरच्या एकाच फेऱ्याला टांगलेलं असतं, हे मी तेव्हा पाहिलं. तो एक सुटला की कित्येक दुपारींची मेहनत मांडीवर शेवयांसारखी पडायची.

"अगं, राहू दे की," मी ओरडायचे. "जर्मनीत कोण दुर्बीण घेऊन बसलंय?"

"मला दिसतंय ना."

"मग डोळे मीट."

"तू आधी तोंड मीट."

तुझ्या घरात सगळंच असं उसवलं जायचं, सुले. गार्गीच्या वह्यांची कव्हरं तू काढून पुन्हा घालायचीस. तिने दिवाळीत काढलेली रांगोळी कोपरा चुकला म्हणून तू पुसली होतीस. पोरगी वर माझ्याकडे आली आणि एकामागोमाग एक चकल्या खात बसली. माझे किस्सेसुद्धा तू उसवायचीस. पण मला ते आवडायचं. मी फेकायचं आणि तू पकडायचं, असा आपला दोघींचा खेळ होता. गार्गीला तो खेळ नव्हता गं. तिला ती शाळा होती.

तिकडे हिवाळे येऊन गेले आणि इकडे तुझा राखाडी स्कार्फ वीतभरच राहिला. मग एकदा व्हिडिओ कॉलवर गार्गीच्या गळ्यात लाल स्कार्फ दिसला, दुकानातला. तू म्हणालीस, "छान आहे. रंग खुलतो तुला." फोन ठेवलास आणि वर आलीस. न सांगता माझे मटार सोलायला घेतलेस. अर्धी टोपली झाल्यावर म्हणालीस, "तिने विकत घेतला गं." एवढंच. मी त्या दिवशी एकही विनोद केला नाही. तू नंतर कधी त्याबद्दल मला शाबासकी दिली नाहीस, म्हणून आठवण करून देते.

दुसऱ्याच दिवशी मी घाटकोपरला गेले. बाजारातल्या त्या लोकरीच्या दुकानात काय एकेक नमुने टांगले होते! एका धाग्याला पापण्यांसारखे लांब केस, एकाला टिकल्या, एक शिडीसारखा, मधे मधे रंगीत फितीच्या पायऱ्या. दुकानदार म्हणाला, "बेन, ये फॅन्सी है, सोच के लेना. एक बार बुना तो खुलता नहीं. बाल में बाल फंस जाता है. और गलती हुआ तो दिखता भी नहीं."

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. "भाई, यही चाहिए," मी म्हटलं. "जितना है, सब बांध दो."

मी ते मोरपंखी गुंडे तुझ्या मांडीवर ओतले तेव्हाचा तुझा चेहरा! "ही लोकर आहे का कुणाचं मांजर कापून आणलंस?"

"उसवत नाही," मी विजयाने सांगितलं. "चुकलीस तरी कुणाला दिसणार नाही."

तू एक केस चिमटीत धरून उचललास. "आणि बरोबर केलेलं? ते तरी कुणाला दिसणार?"

मी "चहा टाक" म्हणाले. त्यानंतर कितीतरी दुपारी आपण ह्याच्यावर भांडलो. तुझं म्हणणं, ज्यात चूक लपते ते काम नव्हे, तो मेकअप. माझं म्हणणं, मेकअपला नावं ठेवायची नाहीत, माझं अख्खं आयुष्य त्यावर उभं आहे. भांडण मिटलं नाही. पण तू विणायला लागलीस. त्या केसांच्या जंगलात डोळ्यांचा उपयोगच नव्हता, म्हणून तू डोळे मिटायचीस आणि अंगठ्याने मागच्या ओळीतलं भोक चाचपायचीस. सापडलं की सुई आत. वर मला शिव्या. एकदा मी दारातूनच पाहिलं, तुला चाहूल लागली नव्हती. तू विणत नव्हतीस. तो पट्टा गालाला लावून बसली होतीस. मी पाय न वाजवता परत गेले. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. मी! कल्पना कर.

आणि मग तू दुपारी जेवून आडवी झालीस ती झालीसच. ना दुखणं, ना खुपणं, ना मला हाक. अरुणभावोजींचा फोन आला, मी अनवाणी खाली धावले. डॉक्टर, शेजारी, कुणी खुर्च्या हलवतंय, कुणी गादी ओढतंय, आणि त्या गडबडीत खुर्चीवरचं विणकाम जमिनीवर पडलं. सुई निसटून पलंगाखाली गेली. फेरा उघडा पडलेला. सुले, तुझ्या पायाला हात लावायच्या आधी मी पदराची सेफ्टी पिन काढून त्या फेऱ्यात अडकवली. बायका माझ्याकडे बघत होत्या. बघोत. तू सुटलीस, निदान तो तरी सुटू नये, एवढंच मला त्या वेळी कळत होतं.

गार्गी आली. तोवर तुला नेऊन झालं होतं. ती खुर्चीत बसली, उठली, डबे उघडून बघितले, पुन्हा बसली. रडली नाही. मी तिला तो अपुरा स्कार्फ दाखवला. "हा माझा?" म्हणाली. "हाही अर्धाच?" आणि परत दिला.

आता दहाव्याचं ऐक. तू होतीसच म्हणा तिथे, पण माझ्या बाजूने ऐक. कावळा शिवेना. मुलुंडचे कावळे, सुले! तुझ्या ओट्यावरच्या पोळ्या पळवणारे ते दरोडेखोर झाडावर बसून चक्क दुसरीकडे बघत होते. पिंडाचा भात वाळायला लागला, ऊन चढलं. अरुणभावोजी हात जोडून म्हणाले, "गार्गीची काळजी करू नकोस." कावळे ढिम्म. "मी गोळ्या वेळेवर घेईन." ढिम्म. तुझी नणंद म्हणाली, "वहिनी, तुमच्या कुंड्यांना पाणी घालू आम्ही." एकाने फक्त मान खाजवली. गुरुजी हळूच म्हणाले, "मनात आणखी काही राहिलं असेल तर बघा. नाहीतर दर्भाचा कावळा करून उरकू." गार्गी नुसती त्या भाताकडे बघत उभी. मला तिचं ते उभं राहणं सहन झालं नाही आणि माझ्या तोंडून निघालं, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात, "सुले, तुझा स्कार्फ मी पुरा करीन! गार्गी तो घालून जाईल!"

आणि आला ना मेला! सरळ खाली, पिंडावर, चोच भरून गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. गुरुजींनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी मात्र गार पडले. कारण मला क्रोशा येत नाही, हे जगात फक्त तुला आणि मला माहीत होतं. तू आणि त्या कावळ्याने मिळून मला फसवलंत.

येत नाही म्हणजे साखळी येते. साखळी मी मैलभर घालीन. खांब कसा घालायचा ते तू मला शिकवत होतीस तेव्हा मी तुला काहीतरी सांगत होते. काय सांगत होते ते आठवतं, खांब आठवत नाही.

गार्गीचं तिकीट चौदाव्याच्या जेवणानंतरचं. बी विंगमधल्या कामतबाई, तुझ्याकडेच शिकलेल्या, हात पुढे करून म्हणाल्या, "द्या इकडे. चहा उकळेपर्यंत संपवते."

"नको. शब्द दिलाय."

"कुणाला?"

"कावळ्याला."

त्या दोन पावलं मागे सरकल्या. पण त्यांच्याकडून मी खांब शिकून घेतला, आणि बसले. पिन काढली, फेऱ्यात सुई घातली, तुझ्यासारखे डोळे मिटले. अंगठ्याला काही सापडेना. सगळीकडे नुसते केस. मांजराच्या अंगावरची पिसू शोधावी तसं मी एकेक भोक शोधत होते. प्रत्येक ओळीच्या टोकाचा खांब माझ्या हातून सुटत होता, कारण टोक कुठे संपतं तेच कळत नव्हतं. पट्टा आपला अरुंद होत चाललाय, होत चाललाय. उचलून बघते तर वर शाल आणि खाली टाय.

म्हणून मी ठरवलं, माझं तेवढं उसवायचं आणि पुन्हा करायचं. हसू नकोस. मी, जिने तुला आयुष्यभर "राहू दे की" म्हणून सांगितलं, ती उसवायला बसले, आणि तेही उसवत नाही म्हणून निवडून आणलेली लोकर! दुकानदार खोटं बोलला नव्हता. केसात केस अडकलेले. भुवया कोरायचा चिमटा आणला आणि एकेक गाठ सोडवत गेले. ओढ, अडकलं. सोडव, ओढ, अडकलं. डोळ्यांतून पाणी, नाकात लोकर. मग अचानक धागा अडकायचा थांबला. सुरळीत यायला लागला, एकसारखा, एका लयीत. मला बरं वाटलं, की जमलं बाई! आणखी ओढला. आणखी.

आणि मग मी ओढायचं थांबवलं. माझ्या हाताला लय कुठून आली? तो तुझा धागा होता.

कुठे माझं संपलं आणि कुठे तुझं सुरू झालं, त्या केसांत कळलंच नाही. पिन लावली होती तिथे खुणेचा एक दोरा बांधायचा, तेवढी अक्कल मला नव्हती. तू डोळे मिटून, अंगठ्याने चाचपून घातलेले खांब मी ओढून काढले होते. किती ते माहीत नाही. एक ओळ? चार? तू जगात शेवटचं जे काही केलंस, बहुतेक त्याच दुपारी, जेवायच्या आधी, ते मी माझ्या हाताने मोडलं. मांडीवर मोरपंखी गुंता पडला होता आणि त्यात तुझं कोणतं, माझं कोणतं, काहीच सांगता येत नव्हतं. मी उठले, गॅलरीत गेले, खाली तुझ्या खिडकीकडे वाकून "सुले, वर ये गं, वाट लागली!" अशी हाक मारायला तोंड उघडलं. उघडंच राहिलं. तू मेल्याचं दु:ख मला तोवर झालं नव्हतं असं नाही. पण तू नाहीस, हे मला त्या क्षणी कळलं. शोकसभा, दहावा, सगळं त्याच्या आधीचं होतं.

मी पुन्हा बसले. दुसरं काय करणार होते? तोच गुंता, तीच सुई. पुन्हा टोकाचे खांब सुटले, पुन्हा पट्टा अरुंद झाला, मधेच दोन जास्त पडून तो फुगलाही. या वेळी मी उसवलं नाही. भीतीच बसली होती. आणखी तुझं काही निघून आलं असतं तर? वाकडं तर वाकडं, मी विणत गेले, धागा संपत आला तिथे कापला, फेऱ्यातून ओढून घेतला, आणि तो स्कार्फ इस्त्रीच्या कपड्यासारखा दोन्ही हातांवर घेऊन खाली गेले.

गार्गी तुझ्या खुर्चीत होती. माझ्या हातातून स्कार्फ घेतला आणि डोळे मिटले, सुले. कुणी शिकवलं नव्हतं तिला. डोळे मिटून एका टोकापासून बोटं फिरवत निघाली. सरळ, सरळ, सरळ. चेहऱ्यावर काही नाही. तू पोरीसाठी कित्येक दुपारी घालवून विणलेली सरळ रेघ, आणि तिच्या चेहऱ्यावर काही नाही! मग बोटं त्या अरुंद जागी आली आणि थांबली.

"मावशी, इथे काय झालंय?"

"तिथून पुढे माझं" असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. शपथ घेते.

"इथे आई चुकली?"

तिचा आवाज तू ऐकायला हवा होतास. त्यात एवढी आशा होती की मला तिच्याकडे बघवेना.

"हो," मी म्हटलं. "शेवटच्या दोन ओळी माझ्या. हे तिचंच."

"आणि उसवलं नाही तिने?"

"नाही."

"का?"

"मी म्हटलं, सुले, चुकलंय, उसव. तर म्हणाली, राहू दे. गार्गीला चालेल."

"राहू दे म्हणाली? आई?"

"अस्संच म्हणाली."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं, आणि माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, तिसऱ्या वेळी तू हसत होतीस आणि बाहेर पाऊस पडत होता. तेव्हा कुठे ती रडली. तुझ्या खुर्चीत पाय वर घेऊन, त्या केसाळ पट्ट्यात तोंड खुपसून, लहानपणी कधी रडली नाही तशी. अरुणभावोजी दारात येऊन उभे राहिले आणि न विचारता परत फिरले.

तिने हे वाचलं तर वाचलं. म्हणेल, रेखामावशी नेहमीप्रमाणे फेकतेय. आयुष्यभर फेकत राहिल्याचा हा एक फायदा.

परवा आम्ही तिला विमानतळावर सोडायला गेलो. घामाने माणसं मानेवर रुमाल फिरवत होती आणि ही बाई गळ्यात जनावर गुंडाळून उभी. शेजारच्या रांगेत एक छोटी मुलगी होती. ती बराच वेळ टक लावून बघत होती. शेवटी तिने विचारलंच, "हे चावतं का?"

गार्गी खाली बसली. "नाही गं. माझ्या आईने केलंय," तिने सांगितलं. मग ते अरुंद, फुगीर, वेडंवाकडं टोक पुढे करून त्या मुलीचा हात त्यावर ठेवला. "बघ. इथे ती चुकलीये."

किती अभिमानाने सांगितलं म्हणून सांगू! मी तिथेच उभी होते. माझ्या हातून जन्मात विणून झालेली ती एकच वस्तू, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत तुझ्या नावावर गेली. जाऊ दे. मी ती परत मागणार नाही. तुझ्या नावाला लागलेला तो एकुलता एक सैल खांब आहे आणि पोरगी तो जगभर दाखवत फिरणार आहे. तुला हे मुळीच चालायचं नाही, मला पक्कं माहीत आहे. तू कावळ्याकरवी येऊ शकतेस ना? मग ये की, एकदा तरी भांडायला ये गं.